माझ्या इशाऱ्याची जाहिरात झाली

मंडळी, मी इथे आखातात, मनामा शहरातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. आमच्या सहली मनालीला जातात. गेल्या आठवड्यात त्या खोऱ्यासाठी हवामानाचा इशारा आला, म्हणून मी ग्राहकांसाठी मेसेज लिहून दादांकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे दिला: "जोरदार बर्फवृष्टी होणार आहे. रस्ते बंद पडतील. सहल पुढे ढकला."

आज सकाळी इथे जवळच तुबलीत गॅरेज चालवणाऱ्या सावंतकाकांचा थेट मनालीहून फोन आला. "रस्ता बंद, वीज नाही, पोरं कुडकुडतायत. तुझ्या नावाने मेसेज आला म्हणून तर निघालो गो!"

मी तो मेसेज मागवून पाहिला. माझं फक्त पहिलं वाक्य ठेवलेलं, त्यापुढे "त्वरा करा!" आणि खाली माझं नाव.

घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्यांसमोर माझं कौतुक करणारे दादा हसले. "खोटं काय त्यात? पडला ना बर्फ? खलास!"

उद्या दुसरा ग्रुप निघतोय. म्हणून दादांनी कापलेलं इथे लिहिते: रस्ते बंद आहेत, जाऊ नका.

माझं नाव वाचून बॅगा भरल्यात ना? मग आता माझं ऐकाल का?