बीबीची बंगई नांदुऱ्याला आणली

पोळा उरकला आणि सगुणा म्हणाली, "औंदा भुलाबाईले माह्या माहेरची ओसरी करून द्या."

सगुणा म्हणजे माझी बायको. आमच्या नांदुऱ्याच्या घरी गल्लीतल्या पोरी दरवर्षी भुलाबाई बसवतात. मूर्ती मातीच्या, त्यांचा संसार मात्र माझा. बोटाएवढा पाट, काडेपेटीत मावेल अशी संदूक. दुसऱ्याच्या दुकानातला भुसा झाडत झाडत मी स्वतःचं लाकूडकामाचं दुकान उभं केलं. कचेऱ्यांच्या खुर्च्यांवर पोट भरतं, या बारक्या कामांवर मन.

सगुणाचे गुडघे गेलेत. माहेरच्या गावाची, बीबीची, वाट तिला आता झेपत नाही. त्यात तिच्या भावाचा निरोप आला की दिवाळीनंतर घर उतरवून तिथं पिठाची गिरणी टाकणार. म्हणजे ओसरी पाहायची ती आत्ताच, आणि तीही माझ्या डोळ्यांनी.

नांदुऱ्याहून आगगाडीनं जलंब, तिथं गाडी बदलून खामगाव. कापसाचा हंगाम नसला की खामगावात उतरायला बरं. धर्मशाळेत जागा मिळते आणि खाणावळवाला दुसऱ्यांदा वरण वाढतो. मेहकरची मोटार भरली की सुटते, वेळ विचारू नये. जानेफळच्या अलीकडे ती चिखलात रुतली. सगळे उतरलो. एक म्हातारा कावला, "काऊन बे, मोटार आमीच ढकलाची, त तिकीट कायचं घेतलं?"

"तिकीट बसाचं हाय, बुवा," ड्रायव्हर म्हणाला. "ढकलाचे पैसे नाई घेतले तुमचे."

मेहकरहून पुढं बैलांची दमणी. भाडं आधीच ठरवा. मी काळी टोपी पिशवीत घातली आणि मगच भाव विचारला. टोपी पाहून चढणारे चार आणे वाचले. रस्ता काळ्या मातीचा, दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याइतकी. गाडीवान चाबकानं दिशा दाखवून म्हणाला, "तिकडं पल्याड मोगलाई." मला निजामाकडची आणि आमच्याकडची ज्वारी सारखीच दिसली.

बीबीला मेहुण्यानं, अंबादासनं, पाय धुवायला पाणी दिलं. कळण्याची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. जेवण झालं आणि मी फीत काढून बंगईला लावली. बंगई म्हणजे ओसरीत कड्यांनी टांगलेला झोपाळा. सगुणाच्या तोंडी सगळ्यात जास्त तीच. फीत पाहताच अंबादासचा चेहरा उतरला.

"जवाईबुवा, हे काय करून राह्यले?"

"मोजून राह्यलो."

"सगुणाबाईले हिस्सा पाह्यजे का? पाह्यजे असंन त तोंडानं सांगा. फीत कायले लावता?"

आतली भांडी वाजायची थांबली. अशा वेळी बोलून काही सुधारत नाही, हे दुकानदारीनं शिकवलंय. मी पिशवीतून भुलाबाईचं गेल्या वर्षीचं इवलं कपाट काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं नखानं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग फितीचं दुसरं टोक धरलं.

"हा टवका घ्या," फळीच्या कडेवर बोट ठेवून तो म्हणाला. "माह्या भवऱ्यानं पडला. बाईनं मायले सांगतलं नाई कधी. आन् ह्या खुंटीले तिचा परकर राहे."

निघताना त्यानं दमणी लांबपर्यंत पोचवली. "ते झालं का मले दाखवसान," म्हणाला.

घरी येऊन सागाचे तुकडे घेतले. फुटाला इंच, असं माप. कड्या पितळेच्या तारेच्या, टवका सुईनं पाडलेला, खुंट्या कानशीनं गोल केलेल्या. बंगईवर भुलाबाई बसवली, पाय टेकवून, ऐसपैस. सगुणानं टवक्यावरून नख फिरवलं.

"साजरं झालं," म्हणाली. "पन माही बंगई मोठी होती."

"फूट-इंच मोजून आनलं."

"असंन. पन लय मोठी होती. अन् खुंटी त लयच उच्ची."

गिऱ्हाईक माप नाकारतं तेव्हा भांडायचं नसतं, विचारायचं असतं. मी विचारलं, "कवाची बंगई सांगून राह्यली तू?"

"माहे पाय टेकत नव्हते तवाची."

मी लाकडाला हात लावला नाही. भुलाबाई उचलून बाजूच्या पाटावर ठेवली. चिमूटभर मातीची पोर केली, परकर नेसलेली, आणि बंगईच्या मधोमध बसवली. पाय लोंबकळले. खुंटी आपोआप उंच झाली. ओसरी एवढी मोठी दिसायला लागली, की मलाच बीबीला पुन्हा जावंसं वाटलं. सगुणानं करंगळीनं झोका दिला आणि पदर डोळ्यांना लावला.

महिनाभर पोरींनी गाणी म्हटली, खिरापती ओळखल्या. कोजागिरी झाल्यावर मूर्ती नदीत सोडायला पोरी आल्या. भुलाबाई घेतली, तिचा नवरा भुलोबा घेतला. एकीनं बंगईवरच्या मातीच्या पोरीकडे हात नेला, तशी सगुणा उठायला लागली, गुडघे धरून.

"तिले नका नेऊ वं," म्हणाली. "तिले राहू द्या माहेरी."