वाचनालयातली शेळीवाली

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर माफी असावी. अक्षरही कोंबडीच्या पायांचं आहे.

मी नाशिकच्या एका वाचनालयात झाडू मारते. तिथे मुलं फिरकत नाहीत, म्हणून ग्रंथपाल साहेबांनी थोर विचार केला, की मुलांनी प्राण्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या. कुत्रा चावेल, मांजर पळेल, म्हणून गोदाकाठी शेळ्या चारणाऱ्या एका बाईला तिच्या दुभत्या शेळीसकट बोलावलं. ती शेळीची पाठ खाजवत दारातच बसून राहिली. नाव विचारायचा मला धीर झाला नाही.

शेळी बघायला जमलेल्या मुलांना ओळीत उभं करून फोटो काढेपर्यंत शेळीने अर्धं पुस्तक खाल्लं. साहेबांना लगेच नियम आठवला. पुस्तक खराब करणाऱ्याने पूर्ण किंमत भरायची, दीडशे रुपये. तोवर शेळी फाटकाला बांधलेली राहील.

"साहेब, घरी हिची करडं उपाशी हायेत," बाई म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा."

"बरं. पर तुमच्या कपाटातली बाकीची पुस्तकं कुणी उघडली तरी का कधी?"

मी तोंडाला पदर लावला. त्या पुस्तकांवरची धूळ इतकी वर्षं मीच पुसते.

संध्याकाळी ती शेजारणीकडून उसने पैसे घेऊन आली. साहेबांनी ते दोनदा मोजले आणि पावती फाडली. तिने पावती कनवटीला खोचली, शेळी सोडली आणि हात पुढे केला.

"पैसं पुरं मिळालं ना? मग राहिलेलं पुस्तक द्या. हिचं अजून अर्धंच झालंय."