दामूकाकांची पाच बोटं

आजवर बायकोलाही सांगितलं नाही: किरणोपचाराचं मशीन चालवणारा मी, एका रुग्णाच्या बोटांना खोटं ठरवून बसलो.

दामूकाका झाशीच्या आमच्या इस्पितळात डोक्यातली गाठ घेऊन आले. सरकारी कारखान्यातले निवृत्त फोरमन, घर खंडेराव गेटपाशी. आमच्या डॉक्टर मॅडमचा तेव्हा एक अभ्यास चालला होता. रुग्णानं आधी पाच मिनिटं नळीतून एक खास वायू ओढायचा, मग तो ओढत असतानाच किरण सोडायचे. गाठीतला रक्तप्रवाह सुधारावा, तिथे प्राणवायू पोचावा आणि किरणांचा मारा नीट लागू पडावा, अशी आशा.

मी हे समजावलं तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे लाईन चोक आहे. आधी लाईन खुली करा, मग प्रेशर द्या. एवढ्यासाठी कॉलेजात गेलात होय, भैया?"

चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, तोंडात नळी. बोलता येत नसे, म्हणून काका मनात मोजत आणि मिनिट झालं की एक बोट वर करत. खोलीबाहेर मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत असे. त्यांचं पाचवं बोट आणि माझ्या घड्याळातलं पाचवं मिनिट, एकदम! सुटल्यावर मिशीवर हात फिरवत विचारत, "कितीनं चुकलो?"

मला माझ्या चपळाईचा गर्व. जेवणाच्या सुट्टीआधी सगळी रांग संपवणारा झाशीतला एकमेव वीर; स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतं, ही बाब वेगळी. एके दिवशी रांग लांबली, तेव्हा मी तिसऱ्या बोटालाच किरण सोडले आणि कागदावर सुबक अक्षरात 'पाच मिनिटं' लिहिलं. अक्षर माझं शाळेपासून चांगलं.

काकांनी बाहेर येऊन विचारलं, "भैया, आज तिसऱ्यालाच मशीन गुणगुणलं का?"

"नाही काका. पाच झाली होती."

"मग माझंच बिघडलं. गाठ मोजणीपर्यंत पोचली म्हणायची."

मी मान डोलावली. वर "होतं असं, टेन्शन मत लीजिए" असा धीरही दिला. धीर देण्यात माझा हात कोण धरणार!

दुसऱ्या दिवसापासून बोटं वर आली नाहीत. आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून उरलेले नऊ दिवसही मी तीनच मिनिटं दिली. काकू एकदा म्हणाल्या, "कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मलाच मोजायला लावतात हो. म्हणतात, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही."

दिवाळीआधी काका गेले. त्या दोन-दोन मिनिटांनी काही फरक पडला असता का, मला ठाऊक नाही. मॅडम तेच तर शोधत होत्या. पण शेवटचे महिने ते स्वतःच्या डोक्याला भीत जगले, ते माझ्यामुळे.

मॅडमना लिहून द्यायचं आहे की त्या दहा नोंदी खोट्या आहेत. आणि काकूंसमोर बसून सांगायचं आहे की काका चुकले नव्हते. दोन्ही अजून बाकी आहे.