प्रमिलाताई मनमिळाऊ नव्हत्या

प्रमिलाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. फोन नवऱ्याचा होता. शाळेच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे उचलायच्या आधीच कळलं. ताईंचं हृदयाचं दुखणं जुनं होतं, गोंदियाच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी तर त्या उठून बसल्या होत्या. तेरवी झाली, मग पंचायत समितीच्या सभागृहात शोकसभा झाली. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं त्यांना मनमिळाऊ म्हटलं. एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी एकेकाळी ताईंच्या बदलीसाठी किती खेटे घातले होते ते मला माहीत आहे. तेही फोटोला हार घालून म्हणाले की बाई सगळ्यांना सांभाळून घेत. मी मागच्या रांगेत होते. सभेत वाद नको म्हणून गप्प बसले. पण इथे लिहायला जागा मिळाली आहे, तर लिहिते. प्रमिलाताई मनमिळाऊ नव्हत्या. त्यांनी कुणाला सांभाळून घेतलं नाही. मला तर नाहीच, आणि मी त्यांची सख्खी भावजय होते.

त्यांचं माहेर, म्हणजे माझं सासर, बोदलकशाच्या बाजूचं. धानाची शेती, घरात मोठी लेक शिकलेली आणि धाकटा भाऊ तिच्या धाकात वाढलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. नव्या सुनेला नणंद काय विचारते? स्वयंपाक येतो का, माहेरी कोण कोण आहे. यांनी विचारलं, "डी.एड. अर्धं काऊन सोडलं वं?" लग्न ठरलं म्हणून, असं मी म्हटलं. लग्न ठरलं तेव्हा डोकं कुणी काढून घेतलं होतं काय, असं त्यांनी सासूबाईंच्या समोरच विचारलं, आणि पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा कॉलेजात होते. त्यात प्रेमाचा शब्द एकही नव्हता. सासूबाई मात्र महिनाभर लेकीशी नीट बोलल्या नाहीत.

पुढे आम्ही आमगावला राहायला आलो आणि ताई शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. खासगी शाळांची मान्यता ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासली जाते. सरकारनं ठरवून दिलेले निकष आहेत: वर्गखोल्या, मैदान, पाणी, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, शिक्षकांची पात्रता, इमारतीची सुरक्षितता. शाळेनं आपलं आपण लिहून द्यायचं आणि पथकानं येऊन ते खरं आहे का ते पाहायचं, असा सगळा कारभार. प्रत्यक्षात काय होतं ते आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं. आदल्या दिवशी दुसऱ्या शाळेतून ग्रंथालयाची पुस्तकं येतात, लाल रंगाची अग्निशामक नळकांडी येतात, कुंड्या येतात. पथक ऑफिसात बसतं, काजू खातं, शाल-श्रीफळ घेतं आणि सही करून जातं. ताई ऑफिसात बसतच नसत. मुख्याध्यापक खुर्ची पुढे करायचे तोवर त्या मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ फिरवून बघत असायच्या. त्या येऊन राहिल्या असं कळलं की काही शाळांमध्ये अक्षरशः पळापळ व्हायची. त्यांना खडूस म्हणत, आणखीही काही म्हणत. त्यांच्या कानावर जायचं सगळं. "म्हणू दे," एवढंच म्हणायच्या.

मी तेव्हा एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवत होते. खाली धानाचं गोदाम, वर दोन मजले शाळा. समोरून एक अरुंद जिना होता. मागूनही एक होता, पण त्याचं दार मी नोकरीला लागले तेव्हापासून कुलपातच, कारण तो जिना खाली गोदामात उतरायचा आणि गोदाम संस्थेनं व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं होतं. कागदावर मात्र जिने दोन. सुटीची घंटा झाली की सगळी शाळा त्या एका जिन्यावर यायची. पहिलीची पोरं मोठ्यांच्या पायांत यायची, मी भिंतीला पाठ लावून त्यांना एकेक करून पुढे काढायचे... रोज वाटायचं, कुणीतरी बोललं पाहिजे. रोज घरी यायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे.

त्या वर्षी आमच्या शाळेची मान्यता संपत आली. संस्थेच्या सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं, चहा दिला. म्हणाले, "मॅडम, आपल्या घरच्याच बाई येऊन राहिल्या. घर की बात है, तुम्ही एक शब्द टाका." मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. संध्याकाळी ताईंकडे गेले. त्यांनी आधीच आपल्या वरच्या साहेबांना लिहून दिलं होतं की माझी भावजय त्या शाळेत आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. पण दुसरी पदं रिकामी होती. पथकात आणखी दोघं आहेत, तुम्हीच जा, असं उत्तर आलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "उद्या मी तुझी नणंद नाही. आता जेवून जा."

तपासणीच्या दिवशी मागचं दार उघडं होतं. नवा रंग दिलेला, वर हिरव्या अक्षरात बाहेर जाण्याचा मार्ग म्हणून पाटी. रंगाचा वास अजून जात नव्हता. ताईंनी प्राचार्यांना विचारलं, हे दार रोज उघडं असतं का. असतं, असं प्राचार्य म्हणाले. मग ताई आम्हा शिक्षिकांकडे वळल्या. आम्ही व्हरांड्यात ओळीनं उभ्या होतो. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण बघितलं माझ्याकडे. नंतर मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं की त्या वेळी माझ्या मनात काय आलं. खरं सांगायचं तर पगार आला, मुलाची फी आली, आणि पहिलीतली ती पोरं आली.

"नाही," मी म्हटलं. "हे दार आजच उघडलं."

ताई दारातून आत गेल्या आणि एकट्याच जिना उतरू लागल्या. आम्हाला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग तो थांबला. खालचं शटर गोदामाच्या बाजूनं बंद होतं. त्यांनी हातानं शटर वाजवलं. थांबल्या, पुन्हा वाजवलं. गोदामात हमाल असतील, नसतील, कुणी उघडलं नाही. त्या अंधाऱ्या जिन्यात उभं राहून त्या बराच वेळ शटर वाजवत राहिल्या आणि वर संस्थेची सगळी माणसं मान खाली घालून ते ऐकत राहिली. वर आल्या तेव्हा तळहात गंजानं लाल झाले होते. मग पथकातले दोघंही उतरून बघून आले. मान्यतेस पात्र नाही, असा शेरा त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिला.

पुढच्या सोमवारी मला शाळेतून सांगण्यात आलं की यायची गरज नाही. घरी नवरा बहिणीवर चिडला, नातेवाइकांचे फोन आले, समाजातल्या मोठ्या माणसांनी ताईंना बोलावून समजावलं. पालकांचा घोळका त्यांच्या फाटकाशी आला, आमच्या पोट्ट्यायचं वर्ष वाया घालवता काय म्हणून. ताई बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि वर्ष वाया जाणार नाही, शाळेला दुरुस्तीला मुदत आहे, असं समजावू लागल्या. कुणी ऐकेना. तेव्हा म्हणाल्या, "मागच्या जिन्यानं एकदा उतरून या. मग मले शिव्या द्या." काही बाप खरंच गेले. ते परत भांडायला आले नाहीत.

मीही भांडले त्यांच्याशी. तुमच्या एका शेऱ्यापायी माझी नोकरी गेली, असं तोंडावर बोलले. मला वाटलं होतं, निदान जवळ घेतील. त्या भांडी घासत होत्या, हातही थांबला नाही. "माझ्या शेऱ्यानं नाही गेली. तू खरं बोलली म्हणून गेली," त्या म्हणाल्या. "ते तुझं हाये. मले कायले देऊन राहिली?" त्या रात्री राग आला होता. आज ते वाक्य मी कुणाला द्यायची नाही.

ताईंची बदली झाली, आडवळणाला जंगलपट्टीत, देवरीकडे. शिक्षा म्हणूनच झाली, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या निमूट गेल्या असं शोकसभेत कुणीतरी म्हणालं. निमूट कसल्या? जाताना साहेबांना सांगून गेल्या की शाळा तिकडेही आहेत. पण त्यांचा शेरा कुणाला खोडता आला नाही, कारण पथकातल्या दोघांनीही तो जिना पाहिला होता. शेवटी संस्थेनं बाहेरच्या बाजूनं नवा जिना बांधला, रुंद, दोन्हीकडे कठडे असलेला, आणि मगच मान्यता मिळाली. एका रविवारी आम्ही दोघी तो बघायला गेलो. ताई वरपर्यंत चढल्या, उतरल्या, आणि म्हणाल्या कठडा अजून थोडा उंच पाहिजे होता.

आता काही लोक म्हणतात, एवढं काय झालं होतं, त्या शाळेत कधी आग तर लागली नाही. मी त्यांना विचारते, लागायला हवी होती का? काही झालं नाही, हेच तर त्यांचं काम होतं. त्याचा फोटो निघत नाही आणि त्यावर शोकसभेत बोलताही येत नाही.

आज मी दुसऱ्या एका छोट्या खासगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. आमचीही मान्यता या वर्षी तपासली जाणार आहे. माहिती भरताना व्हीलचेअरसाठी उतार आहे का, या रकान्यात मी नाही लिहिलं. मैदान अपुरं, तेही लिहिलं. आमचे अध्यक्ष धानाचे शेतकरी, भले गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि हळूच विचारलं, मॅडम, हे आपणच काऊन लिहून दिलं? आपल्याकडे नाही, म्हणून लिहिलं, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि गवंड्याला फोन लावला. उताराचं काम अर्धं झालं आहे. पथक त्याआधी आलं तर अर्धाच दाखवणार आहे.