दुसरा चमचा

काल माझी सुट्टी होती. बँकेत जाताना वाटेत एक केटरिंग कॉलेज लागतं, त्याच्या उघड्या खिडकीपाशी मी थबकले. आत परीक्षा चालू होती. पांढऱ्या कोटातली मुलं आपापल्या डिशमागे उभी होती आणि सर प्रत्येक डिशमधला एकेक चमचा चाखून कागदावर काहीतरी लिहीत होते. टोकाची मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "मीठ कमी आहे," सर म्हणाले आणि पुढे गेले.

मीही अशीच उभी राहिले आहे. घरी माझी आमटी आवडली की बाबा कौतुक करत नसत. वाटी पुढे करून "अजून आहे का गं?" एवढंच विचारत. कॉलेजात मी कितीतरी पदार्थ शिकले, पण दुसरा चमचा कुणी मागितला नाही. मागणार तरी कसा? तिथे चव तपासतात, जेवत नाहीत. उरलेलं डब्यात भरून मी खोलीवर न्यायचे आणि कॉटवर बसून गारच खायचे.

आता मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे. माझ्या प्लेट्स भरून बाहेर जातात, रिकाम्या परत येतात. मधलं मला दिसत नाही. बाबाही राहिले नाहीत.

काल बँकेतून आल्यावर मी एकटीसाठीच आमटी केली. वाटी संपली तेव्हा नकळत तोंडून गेलं, "अजून आहे का गं?"

होती. अर्धं पातेलं भरून होती.