भाऊजींचे आठ टायर

माझ्या भाऊजींकडे गाडी एक आणि टायर आठ. गाडी दोनच माणसांची, बुटकी, लाल आणि वजनाला इतकी हलकी की शेजाऱ्यांनी दोनदा ती उचलून बाजूला ठेवायची धमकी दिलेली. चार टायर कोरड्या रस्त्याचे, चार ओल्या रस्त्याचे. सगळे आपापल्या चाकावर तयार. जी चार चाकं गाडीला नसतील ती बेडरूममध्ये, चादरीत गुंडाळून, ताईच्या कपाटासमोर. अकरा वर्षं झाली, ताई कपाट उघडण्याआधी चाकं सरकवते.

भाऊजींचा अभ्यास दांडगा. पावसाळी टायर उन्हात चालवले तर त्यांचं मऊ रबर झिजतं. कोरडे टायर पावसात नेले तर पाणी निघून जायला खाचाच नाहीत, गाडी घसरते. शिवाय हवामानाचा काही भरवसा नाही. या सगळ्या अभ्यासातून निष्कर्ष असा निघाला की गाडी घरीच बरी. रस्त्यावर कमी आणि जॅकवर जास्त असलेली ही बहुधा एकमेव गाडी.

कोपऱ्यावरचा टायरवाला एकदा चुकून खरं बोलला. "साहेब, गाडी हलकी आहे. एवढे रुंद टायर उन्हातही तापून पकड घेणार नाहीत आणि पाण्यावर तरंगतील. साधे, अरुंद, बारमाही टायर घाला आणि फिरा की!" भाऊजींनी त्या दिवसापासून रस्ता बदलला. मला म्हणाले, "पंक्चर काढणाऱ्याला यातलं काय कळणार?"

ताई दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. बत्तीस वर्षं दुधातली फॅट तपासली. गाडी आली त्या दिवशी भाऊजींनी उत्साहाच्या भरात शब्द दिला, "तू रिटायर होशील ना, त्या दिवशी याच गाडीतून गेटवर न्यायला येईन." ताईने दुसऱ्याच दिवशी हे प्रयोगशाळेत सांगितलं, तिथे चुकलं. तेव्हापासून बायका विचारत, "काय गं, गाडी आहे ना खरंच?" तीही हसायची. शेवटच्या आठवड्यात मात्र तिचं हसू गेलं.

"नाही आले तरी बस आहेच," ती मला म्हणाली. "पण त्या सगळ्या गेटपर्यंत सोडायला येणार आहेत रे."

तो दिवस उजाडला ढग घेऊन. भाऊजींनी पावसाळी चाकं चढवली. अकराला लख्ख ऊन पडलं. पावसाळी उतरवली, कोरडी चढवली. मी पान्हे हातात देत होतो. अडीचला पुन्हा ढग दाटले. पुढची दोन पावसाळी चाकं बसली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि बारीक पाऊस सुरू झाला होता. ताई चारला सुटणार, डेअरी अर्ध्या तासावर.

"भाऊजी, मागची राहू द्या. निघा."

"वेडा आहेस का? पुढची पकडतील, मागची सुटतील. गाडी गर्रकन फिरेल. हे असं कुणी करत नाही."

"मग ताईला फोन करतो. बसने ये म्हणतो."

भाऊजी पान्हा धरून मागच्या चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी जॅक खाली उतरवला.

मी स्कूटरवर मागे होतो. वेगवान म्हणून विकलेली ती गाडी एका सायकलवाल्याने घंटी वाजवून मागे टाकली. प्रत्येक वळणावर भाऊजी जवळजवळ थांबत होते. स्टिअरिंग त्यांनी असं धरलं होतं की दुरूनही त्यांची भीती दिसावी.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही गेटवर पोचलो. ताई आणि सात बायका छत्र्या घेऊन उभ्या होत्या. "अगं बाई, आहे की खरंच!" कुणी बॉनेटवरून हात फिरवला, कुणी फोटो काढला. टायरकडे कशाला कोण बघतंय?

ताईने बघितलं. पुढे बघितलं, मग मागे जाऊन वाकून बघितलं.

"अहो, पुढे पावसाळी आणि मागे कोरडे?"

"वेळच नव्हता," भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

"आणि या पावसात आलात? तुम्ही?"

तिचे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, नोकरी सुटली म्हणून. "रडू नकोस गं, येत जा अधूनमधून," एकीने समजूत घातली. ताई मान डोलावून गाडीत बसली, भाऊजींच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश चला."

त्याहून सावकाश म्हणजे गाडी थांबवावी लागली असती.