आमच्या फत्तेमारीची नोंद

ऐंशीच्या दशकात अंधेरीला, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमच्या ज्ञानकोशाची कचेरी होती. खाली गहू दळले जायचे, वर माहिती. मी तिथे सहायक संपादक होते. म्हणजे प्रुफं तपासायची, चहा सांगायचा आणि साहेबांची बोलणी खायची. जहाजांचा खंड चालू होता. साहेब म्हणाले, "कोकणातल्या एखाद्या जुन्या शिडाच्या गलबताची नोंद सुचवा." माझ्या तोंडून लगेच आमच्या फत्तेमारीचं नाव गेलं.

आमची म्हणजे मालकीची नव्हे हो. मालक गावचा शेठ, माझे आजोबा तिच्यावर खलाशी. कौलं, नारळ भरून ती मुंबईला यायची, आणि मालावर बसून अर्धा गाव. बाबा तान्हे असताना आजीच्या मांडीवर बसून तिच्यातूनच आले. पुढे कापडगिरणीत लागले. संप झाला, गिरणी गेली, आणि घाटकोपरच्या आमच्या खोलीत ते दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागले. कुणाशी धड बोलत नव्हते. नोंदीचं सांगितलं त्या संध्याकाळी मात्र उठून दाढी केली, शर्ट चढवला आणि चाळभर सांगत सुटले, "आमची फत्तेमारी पुस्तकात येतली!" मी म्हटलं, बाबा, अजून काही ठरलं नाही हो. ऐकतात कुठले!

ठरवायला मंडळ बसलं. मंडळ म्हणजे साहेब आणि दोन निवृत्त प्राध्यापक. पहिलाच प्रश्न आला, "बांधणीचं साल?" तिथेच वाट लागली. आमच्या गावची रीत अशी की जुनं गलबत मोडीत काढलं, की त्याच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, एक फळी काढून ठेवायची. नवं बांधलं की ती त्याच्या नाळेत ठोकायची, नारळ फोडायचा आणि नाव तेच ठेवायचं. आजोबा पोरवयात पहिल्यांदा चढले ती फत्तेमारी, बाबांना घेऊन आलेली फत्तेमारी आणि मी लहानपणी वर्सोव्याच्या खाडीत उभी पाहिलेली, सगळी एकच. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. शहाणी ना मी!

"म्हणजे जहाजं तीन, नाव एक," साहेब म्हणाले. "नोंद नेमकी कुणाची घ्यायची?"

"तिचीच, सर. गावात कुणी वेगळी धरत नाही."

"गावात काय धरतात त्यावर कोश चालत नाही, बाई. छापील आधार आहे?"

छापील आधार! तिच्यातून आलेल्यांना सही करता येत नव्हती, ते छापणार काय, कपाळ? तरी वर्सोव्याला गेले, होडीने खाडी ओलांडून मढला गेले, म्हाताऱ्या खलाशांपुढे बसून पानंच्या पानं लिहून आणली. साहेबांनी ती चाळलीही नाहीत. "तोंडी माहिती," म्हणाले, आणि बाजूला सारली. विषय संपला.

मग एका विलायती जहाजाच्या नोंदीचं प्रूफ माझ्याच टेबलावर आलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, की जहाज दोनदा पुन्हा बांधलं, मूळचं लाकूड आता नावालाच उरलंय. मी ते साहेबांपुढे आपटलं. "हे बरं चालतं हो, सर?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "त्याच्यावर ग्रंथ आहेत."

डोक्यात अशी तिडीक गेली, वाटलं शाईची दौत ओतावी सगळ्या नोंदींवर. पण घर माझ्या पगारावर चाललेलं. जागेवर आले आणि त्याच प्रुफातली एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली.

बाबांपासून मी काही लपवलं नव्हतं. तरी खंड छापून आल्यावर त्यांनी तो घरी आणायला लावला. हात धुऊन, पुसून मांडीवर घेतला. सावकाश पानं उलटत त्या विलायती जहाजाच्या रंगीत चित्रावर थांबले.

"आमची खंय?"

"ती होती याला पुरावा नाही म्हणतात, बाबा."

त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं.

"पुरावो नाय? मगे आमी काय दर्यावरसून चलत इलंव?"

आणि उठून पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.